एक तारीख, दोन मानवंदना

२१ ऑक्टोबर ही तारीख चंद्रपूर-गडचिरोलीत दोन ठिकाणी, दोन तऱ्हांनी पाळली जाते. चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारातील पिंपळाजवळ आदिवासी समाज बाबूराव शेडमाके यांना अभिवादन करायला जमतो. त्याच दिवशी पोलीस मुख्यालयात स्मृतिदिनाची मानवंदना होते. तारखा जुळल्या त्या निव्वळ योगायोगाने.

बाबूराव हे अहेरी भागातील मोलमपल्लीचे गोंड जमीनदार. १८५८ साली त्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चुंचगोंडी येथे त्यांच्या माणसांनी तारखात्याच्या तळावर हल्ला केला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. चांद्याचा अधिकारी कॅप्टन क्रिक्टन याने मग अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला आणि सप्टेंबरात बाबूराव पकडले गेले, तेही आपल्याच मुलखातल्या माणसांच्या हातून. २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्यात फाशी दिली, तेव्हा वय अवघे पंचवीस. इंग्रजांच्या कागदोपत्री ते बंडखोरच राहिले. १२ मार्च २००९ रोजी मात्र भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. टपाल आणि तार ही दोन्ही कामे दीर्घकाळ एकाच खात्याकडे होती, हे आठवले की इतिहासाच्या विनोदबुद्धीला दाद द्यावीशी वाटते.

पोलिसांची तारीख आली लडाखहून. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले. तेव्हापासून देशभर या दिवशी, वर्षभरात कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. गडचिरोलीत ही यादी परक्या गावची राहत नाही. २००९ या एकाच वर्षी मरकेगावला पंधरा, हत्तीगोट्याला सोळा आणि लाहेरीला सतरा पोलीस मारले गेले. लाहेरीची घटना ८ ऑक्टोबरची. स्मृतिदिनाला तेरा दिवस उरले होते.

इथे 'सरकार विरुद्ध आदिवासी' अशी सरळ मांडणी करण्याचा मोह होतो. मला ती पटत नाही. १९९० साली उभारलेल्या सी-६० पथकात स्थानिक गोंड, माडिया तरुणच मोठ्या संख्येने घेतले गेले. मैदानावर सलामी देणारा आणि पिंपळापुढे हात जोडणारा हे एकाच घरातले असू शकतात. कदाचित एकच माणूसही.

नक्षलवाद्यांचा स्मृतिसप्ताह वेगळा, २८ जुलै ते ३ ऑगस्ट. २८ जुलै ही चारू मजुमदार यांच्या मृत्यूची तारीख. आपल्या मृतांसाठी त्यांनी जंगलात स्मारके बांधली, पोलिसांनी ती पाडली. काही गावांत गावकऱ्यांनीही पाडली. त्यामागचा राग समजण्यासारखा आहे. 'खबऱ्या' ठरवून मारलेल्या गावकऱ्यासाठी त्या सप्ताहात अर्थातच जागा नसते. तो गणवेशात नव्हता, म्हणून पोलिसांच्या यादीतही बसत नाही.

माडियांमध्ये मृतासाठी दगड उभा करण्याची रीत या सगळ्या तारखांहून जुनी. भामरागडकडे असे दगड वाटेच्या कडेने ओळीने उभे दिसतात, काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याएवढे. त्यांवर नाव किंवा हुद्दा नसतो; कोणता दगड कोणाचा, ते घरची माणसे सांगतात.