ताप की दाब? मिलानची परिषद आणि दवाखान्यातला कर्णबधिर रुग्ण

आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता ‘ताप’ म्हणा. मग ‘दाब’ म्हणा. ओठांची हालचाल सारखीच दिसेल, कारण त आणि द, प आणि ब यांतला फरक कंठात घडतो, ओठांवर नाही. धाराशिवच्या एखाद्या ओपीडीत डॉक्टरांच्या ओठांकडे पाहत बसलेल्या कर्णबधिर रुग्णापुढे हेच कोडे असते. पण त्याने ओठच वाचावेत, हे ठरवले कोणी?

सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रतिनिधी १६४, त्यांत स्वतः कर्णबधिर असलेला केवळ एक. खुणांपेक्षा वाचा श्रेष्ठ, म्हणून मुलांना बोलणे आणि ओठवाचन याच मार्गाने शिकवावे, असा ठराव प्रचंड बहुमताने झाला. ज्यांच्याविषयी निर्णय, त्यांनाच मत जवळजवळ नव्हते!

त्याच दशकात मुंबईत, बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने, भारतातील पहिली कर्णबधिरांची शाळा उभी राहिली. पुढे शतकभर आपल्याकडील बहुतेक शाळांत मौखिक पद्धतीचाच वरचष्मा राहिला. वर्गात हात आवरायचे, ओठ पाहायचे. खुणांची भाषा टिकली ती वर्गाबाहेर, मुलांच्या आपापसांतल्या गप्पांत.

आता दुसरी तारीख पाहा. १८९७ साली ब्रेस्लाऊ येथील शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीदार कापडाची पट्टी बांधण्यास आरंभ केला. जंतुसंसर्ग रोखण्याच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल होते. परंतु एका पिढीच्या आत युरोपाने कर्णबधिरांना ओठ वाचायला सांगितले आणि वैद्याचे ओठ झाकलेही. हा विरोधाभास सर्वांच्या नजरेस आला तो २०२० मध्ये, जेव्हा मुखपट्टी शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडून प्रत्येक केसपेपरच्या खिडकीपर्यंत पोहोचली.

परक्या भाषेतले वैद्यक धाराशिवला नवे नाही. निजामी राजवटीत कचेरीची भाषा उर्दू होती. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकशास्त्रही उर्दूतून शिकवले जाई. ज्या मीर उस्मान अलींच्या नावावरून ते विद्यापीठ, त्यांच्याच नावावरून उस्मानाबाद. या जिल्ह्यातील रयत मात्र बहुतांशी मराठी बोलणारी. तिला निदान दुभाषा मिळण्याची आशा होती, कारण दोन्ही भाषा जाणणारे लोक गावोगाव होते. (योगायोग असा, की त्याच उस्मानियाचे कुलगुरू राहिलेले अली यावर जंग पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि १९८३ साली वांद्रे येथे स्थापन झालेल्या श्रवणदोषविषयक राष्ट्रीय संस्थेला त्यांचेच नाव मिळाले.)

कर्णबधिर रुग्णाचा दुभाषा म्हणजे बहुधा सोबत आलेली आई, भाऊ किंवा सासू. डॉक्टर तिच्याकडे पाहून विचारतात, “याला काय होतंय?” रुग्ण समोर बसलेला असतानाही तो तृतीयपुरुषी होतो. सासूदेखत स्वतःच्या पाळीविषयी खुणा कराव्या लागणाऱ्या सुनेची अडचण कोणत्याच केसपेपरवर येत नाही.

मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त झाला तो २०१० साली, व्हँकूव्हरच्या परिषदेत. तब्बल १३० वर्षांनी. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘संवाद’ या संज्ञेच्या व्याख्येतच खुणांचा समावेश केला. २०१८ साली दिल्लीच्या केंद्राने भारतीय सांकेतिक भाषेचा कोश काढला, त्यात वैद्यकीय शब्दही आहेत.

जिल्ह्यातल्या लहान दवाखान्यात दुभाषा लगेच येणार नाही, हे मान्य. तोवर रुग्णाकडे तोंड करून, उजेडात बसून बोलता येते. औषधाची मात्रा कागदावर लिहिता येते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी सूर्य, चंद्र आणि गोळ्यांची चित्रे काढता येतात. ‘समजलं ना?’ असे विचारले तर मान सगळेच डोलावतात. त्याऐवजी गोळी कधी घेणार, हे रुग्णालाच दाखवायला सांगावे. आणि वयोमानाने ऐकू कमी येणाऱ्या आजोबांवर ओरडू नये. ओरडताना ओठांचा आकार बिघडतो, आणि ‘ताप’ही ओळखू येत नाही, ‘दाब’ही नाही.