अमानत आणि माहितीची पेटी

मराठीत आपण ‘अनामत रक्कम’ म्हणतो. हा शब्द अरबी ‘अमानत’चेच बदललेले रूप आहे. विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली, मागताच परत मिळाली पाहिजे अशी वस्तू म्हणजे अमानत. सूरह निसामध्ये ती हक्कदाराला पोचवण्याची आज्ञा आहे. आज बँकेतली नोंद, दवाखान्यातला अहवाल, विम्याची कागदपत्रे हीही आपली अमानतच आहे. ही माहिती ज्या यंत्रांत राहते, त्यांचा इतिहास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा ‘नँड’ हा प्रकार. वीज गेली तरी तिच्यातली माहिती टिकते आणि आत फिरणारा एकही भाग नसतो. मासुओकांनी १९९४ मध्ये कंपनी सोडली. पुढे मोबदल्यासाठी त्यांना कोर्टात जावे लागले. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली.

मोठ्या संस्थांच्या साठवण यंत्रांत मात्र फिरत्या डिस्कचेच राज्य होते. मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या डिस्कलाही एक नोंद शोधायला काही मिलिसेकंद लागत. त्यामुळे वेग हवा असेल तर गरजेपेक्षा जास्त डिस्क विकत घ्याव्या लागत. फ्लॅश वेगवान होती, पण महाग होती आणि ठरावीक वेळा पुसून लिहिल्यावर झिजत होती. जानेवारी २००८ मध्ये ईएमसीने आपल्या सिमेट्रिक्स यंत्रांत फ्लॅश बसवण्याची घोषणा केली, तीही जुन्याच रचनेत. २००९ साली निघालेल्या प्युअर स्टोरेजने सबंध यंत्रच फ्लॅशचे केले. एकच मजकूर पुन्हा पुन्हा न साठवता आणि तो दाबून लहान करून तिने खर्च आटोक्यात आणला. २०१२ मध्ये ईएमसीने एक्स्ट्रीमआयओ आणि आयबीएमने टेक्सास मेमरी सिस्टिम्स विकत घेतली.

पण तोवर खरा पेच दुसरीकडे तयार झाला होता. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने एस-थ्री ही साठवण सेवा सुरू केली होती. यंत्र विकत घेण्याची गरजच नव्हती, वापराल तेवढे भाडे भरायचे. यंत्रे विकणाऱ्यांनी आधी स्वतःचे क्लाउड उभारून पाहिले. एचपीने आपले सार्वजनिक क्लाउड जानेवारी २०१६ मध्ये बंद केले. व्हीएमवेअरने आपले २०१७ मध्ये फ्रान्सच्या ओव्हीएचला विकले. नेटॲपने वेगळी वाट धरली. तिची प्रणाली २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आणि २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये सेवा म्हणून मिळू लागली. एचपीई कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केले की २०२२ पर्यंत आपला सगळा माल सेवा म्हणूनही मिळेल.

पेटी विकणारेही असे भाड्याकडे वळले. लहान संस्थेला याचा फायदा नक्कीच झाला, कारण सुरुवातीला मोठे भांडवल लागेनासे झाले. पण पेटी आपल्या खोलीत होती तेव्हा चावीही आपल्याकडे होती. क्लाउडमध्ये माहिती भरणे बहुधा फुकट असते, बाहेर काढताना मात्र आकार लागतो. माहिती जितकी साठेल तितके निघणे महाग होते.

इथे कायद्याला मध्ये यावे लागले. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवहारांची माहिती भारतातच ठेवण्याचा आदेश दिला. युरोपचा डेटा कायदा जानेवारी २०२४ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी जानेवारी ते मार्चदरम्यान गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांना हा आकार माफ केला. रोजच्या ने-आणीवर तो राहिलाच.

आपल्या पतसंस्था, शिक्षणसंस्था, दर्ग्यांचे आणि मशिदींचे ट्रस्ट आता आपली दप्तरे संगणकावर नेत आहेत. करार करताना दर आणि वेग सगळेच विचारतात. माझे म्हणणे एवढेच की त्याआधी आणखी तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: माहिती परत मागितली तर किती दिवसांत मिळेल, कोणत्या स्वरूपात मिळेल आणि किती पैशांत. ही उत्तरे जो लेखी देत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांची अमानत ठेवण्याचा अधिकार विश्वस्तांना नाही.