तोंडीलावण्याचा हिशेब

‘काल काय जेवलात?’ असे धाराशिव जिल्ह्यात (पूर्वीच्या उस्मानाबादेत) कोणाला विचारले, तर ‘भाकरी आणि कोरड्यास’ किंवा ‘भाकरी-भाजी’ असे उत्तर येते. पानात चटणी असतेच. परंतु ती सांगण्याची गोष्ट मानली जात नाही. ‘नुसती चटणी-भाकर खाल्ली’ असे कोणी म्हणतो, तेव्हाही त्याला चटणी खाल्ल्याचे सांगायचे नसते, भाजी नसल्याचे सांगायचे असते. चटणीचा उच्चार झाला तरी तो अभावाची खूण म्हणून. आहाराची रोजची नोंद ठेवणाऱ्यांना आज एक प्रश्न नेहमी पडतो : चटणी-लोणच्याचे उष्मांक मोजायचे की सोडून द्यायचे? साहित्याच्या अभ्यासकांना तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आम्हांला मात्र तो आहारशास्त्राइतकाच शब्दांच्या इतिहासाचा वाटतो.

‘तोंडी लावणे’ या शब्दप्रयोगात परिमाण गृहीत धरलेले आहे. जे खायचे नाही, केवळ तोंडाला लावायचे, ते तोंडीलावणे. ‘कालवण’ हे कालवण्यासाठी; आणि ‘कोरड्यास’ या शब्दात तर चतुर्थीचा प्रत्ययच उघडा दिसतो : कोरड्या भाकरीस जे लागते ते. भाकरी हे अन्न आणि बाकीचे तिच्या निमित्ताने आलेले, अशी ही सारी व्यवस्था आहे. पाककृतींच्या पुस्तकांतही इतर जिन्नस वाटीने आणि चमच्याने येतात, मीठ-तिखट मात्र ‘चवीपुरते’ येते. ‘पुरते’ हे माप तराजूवर ठरत नाही, खाणाऱ्याच्या जिभेवर ठरते. इंग्रजीतला ‘काँडिमेंट’ हा शब्दही लॅटिनमधल्या ‘रुचकर करणे’ अशा अर्थाच्या धातूपासून आलेला; त्यामुळे दोन्ही शब्द एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून सहज बसले. घोटाळा तिथूनच सुरू झाला, असे आमचे मत आहे. मोहरीची पिवळी चटणी बोटभर लावणारे जेवण आणि शेंगदाण्याची चटणी मूठभर घेणारे जेवण, यांत शब्द सारखा आणि पदार्थ अगदी वेगळा.

आकडेच पाहावेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या, गोपालन आणि सहकाऱ्यांच्या कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत ३४९ उष्मांक असतात. शेंगदाण्यात ५६७, तिळात ५६३, जवसात ५३०, कारळ्यात ५१५. हिरव्या मिरचीत केवळ २९. आता शंभर ग्रॅम पिठाची एक चांगली थोर भाकरी घेऊ. तिच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे तीस ग्रॅम, आणि तिच्यावर चमचाभर कच्चे तेल. लसूण, तिखट, मीठ यांचे वजन वजा धरले तरी चटणीचे दीडशेच्या आसपास आणि तेलाचे पंचेचाळीस, असे जवळपास दोनशे उष्मांक होतात. अर्ध्या भाकरीहून अधिक. दोन वेळा असे जेवले तर एक सबंध भाकरी हिशेबाबाहेर राहिली. उलट बिनतेलाचा वीस ग्रॅम ठेचा खाल्ला, तर त्याचे जेमतेम सहा उष्मांक. तो मोजला काय आणि न मोजला काय, सारखेच. दक्षिण महाराष्ट्राच्या बोलीत तर कोरड्या लाल तिखटालाही ‘चटणी’च म्हणतात! एका शब्दाखाली सहा उष्मांक आणि दोनशे उष्मांक एकत्र नांदत असतील, तर ‘चटणी मोजावी का?’ या प्रश्नाला एकच उत्तर असू शकत नाही.

येथे कोष्टककारांची बाजू मांडणे न्यायाचे ठरेल. त्यांच्या पुस्तकात मसाल्याच्या पदार्थांचा वर्ग निराळा आहे आणि त्यात मिरची, लसूण, धने, हळद येतात. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे हे तेलबियांच्या वर्गात जातात. म्हणजे शास्त्राने गल्लत केलेली नाही. पण कोष्टकात ‘चटणी’ नाही, फक्त तिचे घटक आहेत. आणि माणूस घटक सांगत नाही, पदार्थ सांगतो. तोही सांगितला तर.

मोजणीत तोंडीलावण्याला कोठे बसवायचे, हा पेच उष्मांकांहून जुना आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुष मजुराची रोजी एक रतल धान्याची किंमत आणि वर एक आणा अशी बांधून दिली. धाराशिवचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, नळदुर्ग जिल्ह्यात होता, त्यामुळे हा हुकूम तेथे लागू नव्हता. पण सीमेपलीकडच्या सोलापुरात, तीच ज्वारी आणि तीच चटणी खाणाऱ्यांत, तो लागू होता. एक रतल ज्वारीचे आजच्या कोष्टकाने सुमारे सोळाशे उष्मांक होतात. धान्याखेरीज जे काही लागेल, मीठ, मिरची, डाळ, तेल, सरपण, ते सारे त्या एका आण्यात. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली, मद्रासेत डॉ. कॉर्निश यांनी या रोजीला विरोध केला. कॉर्निश यांचा आक्षेप केवळ धान्याच्या वजनाबद्दल नव्हता. नत्रयुक्त अन्न कमी पडते, हा होता. म्हणजे भाकरीच्या बाजूला काय असते, हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत. धान्य वजनाने ठरले आणि बाकीचे आण्यात गुंडाळले गेले, ही विभागणी आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

अन्नाच्या संदर्भातला उष्मांक रूढ झाला तो १८९० च्या दशकात, अमेरिकेत ॲटवॉटर यांच्या प्रयोगांमुळे. पुढे त्याच देशात १९५० साली मधुमेह्यांसाठी आहारविनिमयाच्या याद्या तयार झाल्या. त्या परंपरेत ‘मुक्त पदार्थ’ अशी एक कोटी आहे : ज्यांच्या एका वाढणीत वीसपेक्षा कमी उष्मांक, ते मोजायचे नाहीत. तेथील वेष्टनांच्या नियमानुसार एका वाढणीत पाचपेक्षा कमी उष्मांक असतील, तर चक्क शून्य लिहिता येते. मोहरी, व्हिनेगर यांना हे शोभते. ‘तोंडीलावणे मोजायचे नसते’ ही समजूत त्या टेबलावरून उठून आपल्या पानात येऊन बसली आणि येथे आधीच असलेल्या ‘ती काय सांगायची गोष्ट?’ या वृत्तीशी तिचे जमले.

भारतात उष्मांकाला केवळ आहाराचे नव्हे, राज्यकारभाराचे माप करण्यात मराठी माणसाचाही वाटा आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली २२५० उष्मांकांचा आधार घेऊन दारिद्र्याची मर्यादा आखली. १९७९ साली नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने ग्रामीण भागासाठी २४०० हा आकडा धरला. या दोहोंच्या मधोमध, १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याने भोगला. दुष्काळी कामांवरची सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी अजून त्या पिढीच्या बोलण्यात आहे. ज्या घरात भाजी नाही, दूध नाही, तेथे चटणीतला दाणा हीच स्निग्धता आणि भाकरीखालोखाल प्रथिनांची जागा. दाणा परवडेनासा झाला की चटणी नाहीशी होत नाही. तिच्यात दाणा कमी आणि मिरची जास्त होते. नाव तेच राहते. ‘चटणी-भाकर’ एवढीच नोंद करणाऱ्याला या दोन घरांत फरक दिसणार नाही, आणि उपासमारीचा हिशेब नेमका तेथेच चुकतो.

अलीकडे हा फरक आणखी वाढला आहे. ज्वारीच्या रानात करडईच्या ओळी, कडेला जवस किंवा कारळे, ही पद्धत सोयाबीनने मागे सारली. सोयाबीनही तेलबीच, पण ते बाजारात जाते, उखळात येत नाही. करडईच्या घाण्याच्या तेलाऐवजी पिशवीतले तेल आले. उष्मांकांच्या दृष्टीने तेल ते तेल, त्यात काही उणे झाले नाही. मात्र जवस-कारळ्याच्या चटण्या रोजच्या पानातून उठून बचतगटांच्या पाकिटांत गेल्या. त्या पाकिटांवर आता शंभर ग्रॅममागे किती उष्मांक, हे छापलेले असते. शहरातला मधुमेही ते वाचतो आणि दचकतो. त्याने भाकरी दोनावरून एकावर आणलेली असते. चटणी मात्र, भूक भागेना म्हणून, वाढलेली असते. डॉक्टर भाकऱ्या किती हे विचारतात, चटणी कोणी विचारत नाही, आणि वजन का उतरत नाही याचा उलगडा दोघांनाही होत नाही.

मग विचारावे कसे? आहार-पाहणीत चोवीस तासांचे खाणे आठवून सांगायला लावतात आणि आठवण नेमकी व्हावी म्हणून ठरावीक मापाच्या वाट्या पुढे ठेवतात. कालवण वाटीने सांगता येते. चटणीचे तसे नाही. ती ताटाच्या कडेला, क्वचित भाकरीवरच वाढली जाते. मध्ये बोटाने आळे केले जाते आणि त्या आळ्यात तेलाची धार सोडली जाते. त्यामुळे ‘चटणी खाल्ली का?’ यापेक्षा ‘चटणी कशाची होती, आणि तिच्यावर तेल घेतले होते का?’ हे दोन प्रश्न अधिक कामाचे.