फिंगरबोर्ड (गिटारचा)

गिटारच्या नेकवर चिकटवलेली, फ्रेट म्हणजे धातूचे पडदे बसवलेली लाकडी पट्टी. तार या पट्टीवर दाबली की तिची कंप पावणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. घरी इलेक्ट्रिक गिटार बनवणाऱ्याची खरी परीक्षा याच पट्टीवर होते. बॉडीचा आकार थोडा चुकला तरी वाद्य वाजते. फ्रेटची खाच मिलिमीटरभर सरकली, तर तो सूर कायमचा बिघडतो.

इंदूरमध्ये घरी गिटार बनवणाऱ्याला पडद्यांची वाद्ये नवी नाहीत. एकोणिसाव्या शतकातील थोर बीनकार उस्ताद बंदेअली खाँ होळकर दरबाराशी जोडलेले होते. बीनचे, म्हणजे रुद्रवीणेचे, पडदे मेणावर बसवतात, सतारीचे दोऱ्याने बांधतात. दोन्हींत पडदा जरा सरकवून सूर कानाने जुळवता येतो. गिटारचा फ्रेट मात्र खाचेत ठोकून बसवलेला असतो. बॉडीवर तारा टेकतात त्या ब्रिजवर अख्ख्या तारेची लांबी कमीजास्त करता येते, पण एकट्या फ्रेटची जागा बदलता येत नाही. म्हणून गिटारमध्ये कानाच्या आधी गणित येते.

गणित सोपे आहे. नटपासून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंतच्या लांबीला 17.817 ने भागले की पहिल्या फ्रेटचे अंतर मिळते. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की पुढचे. 647.7 मिमी लांबीच्या गिटारवर पहिला फ्रेट नटपासून 36.35 मिमीवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, 323.85 मिमीवर. इटालियन संगीतज्ञ विन्चेन्झो गॅलिलेई याने 1581 मध्ये 18 हा भाजक सुचवला होता. तो वापरला तर याच गिटारचा बारावा फ्रेट दोन मिलिमीटरांहून अधिक मागे, नटकडे पडतो. आकडे कागदावर येतील तसे मोजमाप मात्र करू नये. प्रत्येक खूण नटपासूनच मोजावी. एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेले की बारीकसारीक चुका साठत जातात.

लाकूड कठीण आणि सरळ रेषांचे हवे. जगभर सर्वाधिक पसंती मिळालेल्या लाकडांत आपला शिसव, म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, आहे. ब्राझीलच्या रोझवुडवर निर्बंध आले तशी गिटार कंपन्यांनी शिसवाचीच वाट धरली. 2017 च्या जानेवारीत डाल्बर्जिया प्रजातीतील जवळपास सगळी झाडे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराखाली आली. तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली. शिसवाखेरीज इतर लाकडेही चालतात. ‘क्वीन’ बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने 1963 पासून वडिलांबरोबर घरी बनवलेल्या ‘रेड स्पेशल’ गिटारचा फिंगरबोर्ड ओकचा आहे. त्यावरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्यांचे आहेत.

कामाचा क्रम महत्त्वाचा. साधारण सहा मिलिमीटर जाडीची पट्टी आधी सपाट आणि काटकोनी करून घ्यावी, आणि ती चौकोनी असतानाच खाचा पाडाव्यात, कारण गुण्या टेकवायला सरळ कड तेव्हाच हाताशी असते. निमुळती कापणी त्यानंतर. करवतीची जाडी फ्रेटच्या खाचेत शिरणाऱ्या जिभेइतकी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी. खाच सैल झाली तर फ्रेट उचलला जातो, घट्ट झाली तर सगळ्या फ्रेटची पाचर होऊन नेक मागे वाकते. मग आतून गोलाई दिलेल्या ठोकळ्याला सँडपेपर लावून पट्टीला किंचित बाक देतात. जुन्या फेंडर गिटारला 184 मिमी त्रिज्येचा बाक असे, गिब्सनला 305 मिमीचा. फ्रेटची तार बहुधा जर्मन सिल्व्हरची असते. त्यात चांदी नसते, तांबे, निकेल आणि जस्त असते. ती पट्टीच्या बाकापेक्षा थोडी जास्त वाकवून आधी दोन्ही टोके आणि मग मधला भाग ठोकला, तर फ्रेट पक्का बसतो.

इंदूरच्या हवेचाही विचार करावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, जुलै-ऑगस्टमध्ये दमट. लाकूड रुंदीत आकसते आणि फुगते, धातू लाकडाइतका हलत नाही. पावसाळ्यात फ्रेटची टोके कडेला समतल घासली, तर मेमध्ये लाकूड मागे सरते आणि टोके हाताला टोचतात. म्हणून पट्टी काही महिने घरातच ठेवून मुरू द्यावी आणि टोकांवर शेवटची कानस उन्हाळ्यात फिरवावी. पावसाळ्याआधी शिसवाला जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला की दमट हवा लाकडात सावकाश शिरते.