नगरीचे गौरवगान : रोमपासून रिओपर्यंत

दिवाळी अंकांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना फारशी समजावून सांगावी लागणार नाही. एका मुखपृष्ठाखाली दहा लेखकांच्या दहा कथा असतात. कुणाची लेखणी हळवी, तर कुणाची बोचरी. तरीही अंक मिटल्यावर मनावर त्याचा एक ठसा उरतो. चित्रपटाच्या क्षेत्रातही असा एक प्रकार रूढ झाला आहे. अनेक दिग्दर्शक एकत्र येतात, प्रत्येकजण पाच-दहा मिनिटांची आपली कथा सांगतो आणि या साऱ्या कथांना बांधून ठेवणारा धागा असतो एखादे शहर. गेल्या वीस वर्षांत असे चित्रपट त्या त्या शहराचे गौरवगान म्हणूनच ओळखले जाऊ लागले. त्यांच्या जन्माकडे पाहिले तर मात्र चित्र निराळे दिसते. पवित्र शास्त्रातील पहिले नगर काइनाने वसवले, आणि ज्या नगरीवर प्रभूचे प्रेम होते त्या येरुशलेमकडे पाहून तो रडला, हे आपणांस ठाऊक आहे. शहरावर प्रेम करणे म्हणजे त्याची केवळ स्तुती करणे नव्हे, ही जाण या चित्रपटांच्या आरंभीच्या काळात होती. पुढे तिचे काय झाले, याचा मागोवा घेण्याचा आमचा मानस आहे.

आरंभ रोमपासून करावा लागतो. १९५३ साली 'लामोरे इन चित्ता' म्हणजे 'शहरातील प्रेम' हा चित्रपट पडद्यावर आला. त्यामागील कल्पक मेंदू चेझारे झावात्तिनी यांचा. 'बायसिकल थीव्हज' (१९४८) आणि 'उंबेर्तो डी' (१९५२) या चित्रपटांच्या पटकथांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्यांना चित्रपटाचे एक नियतकालिक काढायचे होते. कागदावर छापण्याऐवजी फितीवर चित्रित केलेले हे नियतकालिक खऱ्या माणसांच्या खऱ्या घटना सांगणार होते. त्याचे नावही ठरले होते : 'प्रेक्षक'. या नियतकालिकाचा पहिला अंक हाच शेवटचा अंक ठरला. नियतकालिक चालवणाऱ्यांना या दुःखाची कल्पना येईल.

या एकमेव अंकात सहा प्रकरणे होती. दीनो रिझी यांनी रविवारच्या नृत्यगृहातील मोलकरणी आणि सैनिक दाखवले. आल्बेर्तो लातुआदा यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या स्त्रियांकडे वळून वळून पाहणाऱ्या पुरुषांच्या नजरा टिपल्या. कार्लो लिझ्झानी यांनी रात्रीच्या रोममधील वेश्यांशी संवाद साधला. परदेशी पाठवलेल्या प्रतींतून हे प्रकरण कापण्यात आले. मिकेलांजेलो अंतोनिओनी यांनी प्रेमभंगातून आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर उभे केले. तरुण फेदेरिको फेलिनी यांनी मात्र झावात्तिनींची थोडी चेष्टाच केली. विवाह जुळवणाऱ्या संस्थेत एक पत्रकार जातो आणि आपल्या मित्राला पौर्णिमेच्या रात्री लांडगा होण्याची व्याधी आहे, त्याच्यासाठी वधू हवी, अशी थाप मारतो. गरिबीने गांजलेली एक साधी मुलगी या स्थळालाही होकार देते. कथा उघडच कल्पित आहे. पण त्या मुलीच्या होकारापुढे पत्रकाराची जी फजिती होते, ती खरी वाटते.

सहावे प्रकरण 'कतेरिनाची कथा'. फ्रांचेस्को मासेल्ली यांनी ते झावात्तिनींसमवेत सिद्ध केले. कतेरिना ही सिसिलीहून रोमला घरकामासाठी आलेली तरुणी होती. तिला मूल झाले, पण मुलाच्या पित्याने साथ दिली नाही. काम नाही, निवारा नाही, अशा अवस्थेत एके दिवशी तिने ते लेकरू उघड्यावर सोडून दिले. नंतर पश्चात्तापाने व्याकूळ होऊन ती त्याला परत मिळवण्यासाठी धावली. वृत्तपत्रांनी ही बातमी छापली होती. झावात्तिनींनी त्या बातमीतल्या कतेरिनालाच शोधून आणले आणि तिची भूमिका तिच्याकडूनच करून घेतली. ज्या क्षणी तिने बाळाला सोडले, तो क्षणही तिने पुन्हा केला.

येथे आम्हांला थांबणे भाग आहे, कारण हा प्रश्न आमच्या सेवाकार्याशी निगडित आहे. आद्य ख्रिस्तसभेत मोठ्या पापांचे प्रायश्चित्त सर्वांसमक्ष घेण्याची रीत होती. सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगी पापनिवेदनाची प्रथा युरोपभर नेली, आणि १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन करणे बंधनकारक करताना धर्मगुरूवर गुप्ततेचे कडक बंधन घातले. यामागे शतकांचा अनुभव होता. पाप्याला क्षमा हवी असते, बघे नको असतात. मग कतेरिनाला कॅमेऱ्यापुढे आणणे ही करुणा होती की क्रौर्य? झावात्तिनींचे उत्तर असे असते की समाजाने जिच्याकडे पाठ फिरवली तिच्याकडे निदान आता तरी टक लावून पाहा. या युक्तिवादात तथ्य आहे. नियमांच्या कचाट्यात सापडून या दारातून त्या दारात फिरणारी ती मुलगी पाहिली की दोष एकटीचा नव्हता हे कळते. परंतु अंतोनिओनींच्या प्रकरणातील काही माणसे आपले दुःख सांगता सांगता त्याचा अभिनय करू लागतात, हेही पडद्यावर स्पष्ट दिसते. आमचे मत असे की कतेरिनाचे चित्रण डोळ्यांत पाणी आणते आणि तरीही ते तिच्याकडून मागायला नको होते.

त्या काळच्या इटलीत ख्रिस्तसभेचा आणि चित्रपटाचा संबंध जवळचा आणि अवघडलेला होता. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली 'विजिलांती कुरा' या परिपत्रकात चित्रपटाच्या सामर्थ्याविषयी आणि धोक्यांविषयी सावध केले होते. हजारो धर्मग्रामांची स्वतःची चित्रपटगृहे होती आणि कोणता चित्रपट तेथे दाखवावा याची वर्गवारी कॅथलिक केंद्राकडून होत असे. सत्तेवर ख्रिस्ती लोकशाही पक्ष होता. चित्रपटखात्याची सूत्रे सांभाळणारे जुलिओ आंद्रेओत्ती यांनी १९५२ साली 'उंबेर्तो डी'बद्दल दिग्दर्शक दे सिका यांना जाहीर पत्र लिहून, जगापुढे इटलीचे असे निराशाजनक चित्र नेण्याबद्दल नाराजी व्यक्त केली होती. देश युद्धातून नुकताच सावरत होता. तेव्हा घरातील दैन्य पाहुण्यांपुढे मांडू नये, असे एखाद्या कुटुंबप्रमुखाला वाटावे हे आम्ही समजू शकतो. मात्र १९९५ साली चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ज्या ४५ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली, तिच्यात त्याच झावात्तिनींच्या लेखणीतून उतरलेला 'बायसिकल थीव्हज' सन्मानाने आहे. मधल्या काळात पोप बारावे पायस यांचे 'मिरांदा प्रोर्सुस' (१९५७) आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा संपर्कमाध्यमांविषयीचा निर्णय (१९६३) होऊन गेले होते.

रोमनंतर पॅरिस. १९६५ च्या 'पारी व्यू पार' या चित्रपटात सहा दिग्दर्शकांनी शहराचे एकेक मोहल्ले वाटून घेतले. हलका सोळा मिलिमीटरचा कॅमेरा हाती आला होता, तेव्हा स्टुडिओची गरज उरली नव्हती. या सहांतील तीन कथा विसरता येत नाहीत. एरिक रोमेर हे श्रद्धावान कॅथलिक. त्यांनी निवडला बारा हमरस्ते येऊन मिळणारा एत्वालचा चौक. तेथे पायी चालणाऱ्याला हा वळसा पूर्ण करणे म्हणजे दिव्यच. शर्ट विकणारा एक टापटीप विक्रेता एका उपद्व्यापी माणसाला छत्रीने मारतो, तो पडतो, आणि आपल्या हातून खून झाला या भयाने हा पळत सुटतो. वाहनांच्या त्या गर्दीत एका क्षुल्लक माणसाची सदसद्विवेकबुद्धी किती मोठा आवाज करते, हे रोमेर हसत हसत दाखवतात. जाँ रूश यांच्या कथेत नवऱ्याशी भांडून घराबाहेर पडलेल्या स्त्रीला एक अनोळखी माणूस गाठतो आणि आपल्याबरोबर चल म्हणतो. ती नकार देते. तो रेल्वेवरील पुलावरून उडी टाकतो. जवळजवळ सलग चित्रित केलेल्या त्या प्रसंगात विचार करायला उसंतच मिळत नाही. शहरात असेच घडते.

तिसरी कथा क्लोद शाब्रोल यांची. आमच्या वाचक कुटुंबांनी ती पाहावी असे वाटते, जरी तिने झोप उडेल. सुखवस्तू घरातला एक मुलगा आईवडिलांच्या रोजच्या भांडणाला कंटाळून कानांत बोळे घालतो. घर शांत होते. त्याच शांततेत आई जिन्यावरून पडते, हाक मारते, आणि मुलाला काही ऐकू येत नाही. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत आम्ही पुष्कळ व्याख्याने ऐकली व दिलीही; त्या सर्वांपेक्षा या काही मिनिटांचा आघात मोठा आहे.

यानंतर मोठा पल्ला ओलांडून आपण २००६ मध्ये येतो. 'पारी, ज तेम', म्हणजे 'पॅरिस, माझे तुझ्यावर प्रेम आहे'. शीर्षकातच सूर बदलला आहे. शहराचे प्रशासकीय विभाग वीस. प्रत्येकाची एक कथा अशी योजना होती, पण अखेर चित्रपटात अठराच राहिल्या. या यशातून मग इतर शहरांची मालिका निघाली. न्यू यॉर्कवरील चित्रपट २००८ साली प्रथम दाखवला गेला. त्यात मीरा नायर यांची एक छोटी कथा आहे. सुकेतू मेहता यांनी लिहिलेल्या या कथेत इरफान खान यांनी रंगवलेला जैन हिऱ्यांचा व्यापारी आणि लग्नाच्या उंबरठ्यावर असलेली सनातनी यहुदी तरुणी सौदा करता करता एकमेकांची खाण्यापिण्याची पथ्ये मोजत बसतात. मिश्र वस्तीत राहणाऱ्या कुणालाही त्या संभाषणाची गोडी कळेल. बाकी चित्रपट गुळगुळीत आहे. कथा जितक्या लहान होत गेल्या आणि शहर जितके सुंदर दिसू लागले, तितके हे चित्रपट पर्यटकांच्या पत्रिकेजवळ सरकू लागले, हे नमूद करावेसे वाटते.

याच मालिकेत २०१४ साली रिओ द जानेरो आले, आणि जुना अवघड प्रश्न पुन्हा उभा राहिला. कोर्कोवादो डोंगरावरील तारणाऱ्या ख्रिस्ताचा तीस मीटर उंचीचा पुतळा १९३१ साली उभारला गेला. त्याच्या प्रतिमेच्या वापराचे हक्क रिओच्या महाधर्मप्रांताकडे आहेत. जोझे पाजिल्या यांच्या कथेत एक माणूस हँग ग्लायडरवरून उडत पुतळ्याजवळ येतो आणि शहराच्या दुर्दशेबद्दल ख्रिस्तालाच फैलावर घेतो. महाधर्मप्रांताने आधी परवानगी नाकारली. सार्वजनिक चर्चा झाली आणि काही काळाने ती देण्यात आली. भाविकांच्या भावना जपण्याची धर्माधिकाऱ्यांची जबाबदारी आम्ही हलकी लेखत नाही. तथापि इयोबाचा ग्रंथ आणि विलापाची स्तोत्रे आपल्या पवित्र शास्त्रातच आहेत. देवाशी भांडणारा माणूस निदान त्याच्याशी बोलत तरी असतो. नकार मागे घेतला गेला हे बरे झाले. त्याच चित्रपटात श्रेष्ठ अभिनेत्री फेर्नांदा मोंतेनेग्रो यांनी रस्त्यावर राहणारी वृद्धा उभी केली आहे. तिचा नातू तिला ओळखतो, पण ती रस्ता सोडायला तयार नाही. शहराचा गौरव करताना असे पात्र घ्यावेसे वाटले, यात रोमच्या त्या पहिल्या अंकाचा अंश शिल्लक आहे.

पॅरिसच्या अठरा कथांपैकी एक आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. तिचे दिग्दर्शक वॉल्टर सालेस व दानिएला थॉमस हे दोघेही ब्राझीलचे. कथा पाच-सहा मिनिटांची असेल. स्थलांतरित तरुण आई पहाटेच्या अंधारात आपले बाळ पाळणाघरात ठेवते. ते रडते, तेव्हा ती हाताचे चाळे करीत त्याला स्पॅनिश अंगाईगीत म्हणून दाखवते. मग बस, गाडी, भुयारी रेल्वे असा लांबचा प्रवास करून ती शहराच्या श्रीमंत सोळाव्या विभागातील एका घरी पोहोचते. तेथेही एक बाळ रडत असते. मालकीणबाई दुसऱ्या खोलीतून सांगतात की आज परतायला तासभर उशीर होईल. ती त्या बाळाला तेच अंगाईगीत म्हणते, आणि गाताना तिची नजर खिडकीबाहेर जाते. कतेरिनानंतर ५३ वर्षांनी घरकाम करणारी आई आणि मागे राहिलेले लेकरू पुन्हा एकदा शहराच्या प्रेमकथेत आले होते. या वेळी ती भूमिका एका अभिनेत्रीची होती आणि कुणाच्याही खऱ्या जखमेवरची खपली निघाली नव्हती. तरीही काही उणे वाटले नाही.

ही एवढीच कथा आम्ही आमच्या धर्मग्रामातील महिला मंडळाला दाखवली. मुंबईला कामासाठी पहाटेच्या लोकलने जाणाऱ्या अनेकजणी त्यांत होत्या. भाषा कुणालाच येत नव्हती, आणि समजावून सांगण्याची वेळही आली नाही. दिवे लागल्यावर काही वेळ कुणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरील एका बाईंनी विचारले, "फादर, बाईसाहेब तासभर उशिरा येणार, मग तिच्या बाळाला पाळणाघरातून न्यायला कोण गेलं असेल?"