शिशाची ओतीव गोळी

शिशाची ओतीव गोळी : वितळलेले शिसे साच्यात ओतून केलेली बंदुकीची गोळी. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. तांब्या-लोखंडाइतकी भट्टी त्याला लागत नाही. गोळी करणे असे घरगुती आवाक्यातले असल्यामुळे सत्ताधाऱ्यांची नजर गोळीपेक्षा शिसे आणि दारूला लागणारे सोरा व गंधक यांच्यावर अधिक राहिली. सातारा-सांगलीच्या मुलखात हे तीन शतके दिसते.

मराठेशाहीतली बंदूक ठासणीची. तोंडातून दारू व गोळी घालून गजाने ठासायची, कानावर रंजक ठेवायची आणि पेटत्या तोड्याने बार काढायचा. नळ्या हाताने घडवलेल्या असल्याने एकीची गोळी दुसरीत चपखल बसेलच असे नसे.

शिसे बहुधा बाहेरून येई. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये सुरतच्या फ्रेंच वखारप्रमुखाकडून ८० तोफा आणि आपल्या सगळ्या बंदुकांना पुरेल इतके शिसे घेतल्याचे रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने नोंदवले आहे. दारूची निगा हा तर गडाच्या कारभाराचाच भाग होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दारूखाना घरांपासून दूर बांधावा, त्याला सर्दी लागू देऊ नये आणि आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून उन्हात द्यावी, असे सांगितले आहे. दारू कशी उलटते, हे साताऱ्याने पाहिले होते. औरंगजेबाने तिथल्या अजिंक्यतारा किल्ल्याला डिसेंबर १६९९ मध्ये वेढा घातला; एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी उडवलेल्या सुरुंगाने तट बाहेरच्या बाजूला, त्यांच्याच सैन्यावर कोसळला. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले.

सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना आला, आणि सरकारला वाटल्यास शिसे, गंधक व सोरा यांनाही कायद्याच्या कक्षेत आणण्याची मुभा मिळाली. कायदा ब्रिटिश मुलखाचा. औंध, सांगली, मिरज ही संस्थाने मात्र लगतच वेगळ्या अंमलाखाली होती. ब्रिटिश सत्तेला आव्हान देणाऱ्या प्रतिसरकारच्या काळात (१९४३–४६) त्याच्या तुफान सेनेचे, म्हणजे सशस्त्र दलाचे, केंद्र बनलेले कुंडल औंध संस्थानातच होते.

अमेरिकेत हीच गोळी आज छंदाचा विषय आहे. एकोणिसाव्या शतकातील गुराख्यांच्या वेशात, त्या काळच्या धाटणीच्या बंदुकांनी लोखंडी पाट्यांवर नेम धरण्याच्या ‘काउबॉय ॲक्शन शूटिंग’ या खेळाची ‘सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी’ १९८७ मध्ये स्थापन झाली. पाट्या जवळ असल्याने तांब्याचे वेष्टन असलेल्या गोळ्यांना मनाई असते. मऊ शिसे पाटीवर आपटून चपटे होते. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला १,००० फुटांपेक्षा आणि रायफलच्या गोळीचा १,४०० फुटांपेक्षा कमी ठेवावा लागतो. बाजारातली काडतुसे महाग पडतात आणि अनेकदा गरजेपेक्षा जोरकस असतात, म्हणून पुष्कळ खेळाडू वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात.

भारतात ही मोकळीक नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रे व दारूगोळा बनवायला परवाना लागतो. ठासणीच्या बंदुकीला त्याच कायद्यात वेगळी जागा आहे : कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तिच्या परवान्याची तरतूद केली आहे. पाटण आणि शिराळा तालुक्यांच्या डोंगरकपारीत, जिथे रानडुकरे व गवे पिकात उतरतात, तिथे ही तरतूद कागदावरची राहत नाही. मात्र कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला असून, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे बंदुकीचा परवाना हाती असला तरी वन्य प्राणी मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.