एकीकृत क्षेत्रसिद्धांत व अध्यात्म

एकीकृत क्षेत्रसिद्धांत व अध्यात्म : गुरुत्वाकर्षण, विद्युत् चुंबकीय, प्रबल व दुर्बल या चार मूलभूत परस्परक्रियांचा उगम एकाच क्षेत्रात दाखवू पाहणाऱ्या भौतिकीय सिद्धांतांची, चराचराच्या मुळाशी एकच चैतन्य आहे या आध्यात्मिक मताशी सांगड घालून, पहिल्याने दुसऱ्यास पुष्टी मिळते असे प्रतिपादणारा विचार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः अमेरिकेत, तो विशेष प्रसार पावला.

या विचाराचे सर्वांत सुसंघटित रूप महेश योगी यांच्या भावातीत ध्यानाच्या संप्रदायात आढळते. अलाहाबाद विद्यापीठात भौतिकीचे अध्ययन करून पुढे ज्योतिर्मठाचे शंकराचार्य स्वामी ब्रह्मानंद सरस्वती यांच्या सेवेत राहिलेल्या महेश योगींनी, ध्यानात अनुभवास येणारे विशुद्ध चैतन्य आणि भौतिकीचे एकीकृत क्षेत्र ही एकच वस्तू होय, असे सांगितले. आणि त्या कथनास शास्त्रीय परिभाषा पुरविण्याचे कार्य जॉन हेगेलिन यांनी पत्करले. हेगेलिन यांचा अधिकार सामान्य नव्हता. हार्व्हर्डची डॉक्टरेट मिळवून, सर्न व स्लॅक या विख्यात संशोधनकेंद्रांत काम करून, जॉन एलिस व दिमित्री नॅनोपुलस यांच्यासमवेत महाएकीकरणाच्या (गुरुत्वाकर्षणाखेरीज उरलेल्या तीन परस्परक्रियांच्या एकीकरणाच्या) एका प्रतिमानावर त्यांनी लिहिलेले निबंध आजही आदराने उद्धृत केले जातात. १९८४ मध्ये ते आयोवा राज्यातील फेअरफील्ड येथील महेश योगींच्या विद्यापीठात गेले आणि १९८७ च्या एका विस्तृत लेखात त्यांनी अतिसममितीय सिद्धांतातील ०, १/२, १, ३/२ व २ या पाच परिवलनांच्या क्षेत्रांची पंचतन्मात्रांशी (शब्द, स्पर्श, रूप, रस व गंध या सूक्ष्म तत्त्वांशी) जोडी लावली.

संख्यासाम्याखेरीज या जोडणीस आधार नाही. चैतन्य ही राशी त्या समीकरणांत कोठेही येत नाही. सबब ती समीकरणे उद्या खरी ठरोत वा खोटी, चैतन्याविषयीच्या विधानास त्यापासून बळही येत नाही आणि बाधही पोहोचत नाही. शिवाय ३/२ परिवलनाचा मूलभूत कण आजवर कोणत्याही प्रयोगात आढळलेला नाही. ऊर्जेच्या मापाची अडचण याहून मोठी आहे. महाएकीकरण जेथे प्रत्यक्ष प्रकट व्हावे ती ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टांत १० च्या २५ व्या घाताच्या आसपास मानली जाते, तर मेंदूतील रासायनिक व्यवहार एक-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टांत किंवा त्याहून कमी ऊर्जेत उरकतात. एवढे अंतर ओलांडून ध्यानस्थ मन त्या क्षेत्रास कसे स्पर्श करते, याची कोणतीही यंत्रणा आजवर मांडली गेलेली नाही. भौतिकीविद मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये केलेल्या गणनेनुसार तर मेंदूतील साधी पुंजीय सुसंगतीही सेकंदाच्या १० च्या १३ व्या घातांशाहून अधिक काळ टिकत नाही, आणि मज्जापेशींचे कार्य मात्र सेकंदाच्या हजारांशात किंवा त्याहून सावकाश चालते.

विज्ञान स्वतःच्या एकीकरणाची परीक्षा किती निष्ठुरपणे घेते, याचा दाखला आपल्या देशातच आहे. जॉर्जाय व ग्लॅशो यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या महाएकीकरण सिद्धांतावरून प्रोटॉनही अखेर क्षय पावतो आणि त्याचे सरासरी आयुर्मान १० च्या ३१ व्या घाताइतक्या वर्षांहून फारसे अधिक नसावे, असे भाकीत निघाले. त्याची खातरजमा करण्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २,३०० मीटर खोलीवर १४० टन लोखंडाचा अभिज्ञातक उभारला. क्षयसदृश काही घटनांची तेथे नोंद झाली. अन्यत्र त्यांस दुजोरा मिळाला नाही. पुढे जपानमधील कामिओका येथील ५०,००० टन पाण्याच्या प्रयोगाने आयुर्मानाची मर्यादा १० च्या ३४ व्या घातापलीकडे नेली; तो सुंदर सिद्धांत त्याच्या मूळ रूपात त्यापूर्वीच सोडून द्यावा लागला होता. ज्यांनी आयुष्याची वर्षे त्या अंधाऱ्या खोलीत वेचली, त्यांच्या नकारात्मक निष्कर्षालाही विज्ञानात मोठा मान आहे, कारण सिद्धांत हरू शकेल अशी तजवीज त्यांनी मनापासून केली होती. चैतन्य व एकीकृत क्षेत्र एकच असल्याच्या विधानाबाबत अशी तजवीज कोणी केलेली नाही.

अपवाद म्हणून १९९३ च्या वॉशिंग्टन प्रयोगाकडे बोट दाखविले जाते. ७ जून ते ३० जुलै या मुदतीत सुमारे ४,००० साधकांनी सामूहिक ध्यान केल्याने हिंसक गुन्ह्यांत २३.३ टक्के घट झाल्याचे आयोजकांनी जाहीर केले. ही घट संख्याशास्त्रीय प्रतिमानाने काढलेल्या अपेक्षित पातळीच्या तुलनेत होती. तुलनेसाठी यदृच्छया निवडलेले दुसरे शहर नव्हते, आणि निष्कर्ष काढणारेच प्रयोगाचे पुरस्कर्ते होते. घट निर्विवाद मानली तरी तिच्यावरून एकीकृत क्षेत्राविषयी काहीच निष्पन्न होत नाही.

भौतिकी व अध्यात्म यांची अशीच सांगड घालणाऱ्या फ्रिट्‌यॉफ काप्रा यांच्या १९७५ मधील ‘द ताओ ऑफ फिजिक्स’ या ग्रंथाची गती उद्‌बोधक आहे. कोणताही कण मूलभूत नसून सर्व कण परस्परांपासून घडतात, या जेफ्री च्यू यांच्या उपपत्तीत काप्रांना पौर्वात्य दर्शनांचा प्रतिध्वनी ऐकू आला. परंतु क्वार्कच्या सिद्धांताने तोवरच तिची जागा घेण्यास प्रारंभ केला होता. अनुभव व शब्द यांच्या प्रमाणावर शतकानुशतके उभ्या असलेल्या वेदान्तासारख्या दर्शनास बदलत्या उपपत्तीचे तारण ठेवावे, हे त्या दर्शनाच्याही हिताचे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

श्रद्धेने संशोधकास प्रेरणा मिळते, हे मात्र वादातीत आहे. श्रोडिंजर यांचे उपनिषदांवरील प्रेम सर्वश्रुत आहे; विश्वाच्या एकतेवरील आपला विश्वास इस्लामी श्रद्धेतून पोसला गेल्याचे अब्दुस सलाम मोकळेपणाने सांगत. विद्युत् चुंबकीय व दुर्बल परस्परक्रियांच्या एकीकरणाचा सिद्धांत त्यांनी मांडला, आणि निरीश्वरवादी स्टीव्हन वाइनबर्ग यांनीही त्यांच्यापासून स्वतंत्रपणे तोच मांडला. ग्लॅशो यांच्यासह दोघांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९८३ मध्ये सर्न येथे भाकीत केलेले डब्ल्यू व झेड कण प्रत्यक्ष सापडले.